मोठं इंजिन, जुनेच ब्रेक

भाऊराया,

उठशील तेव्हा घरात कुणी नसेल. बाबांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आहे. काल तुझ्या गाडीतून उतरल्यावर "काय पळते रे!" म्हणून हसत होते, आज त्यांना शर्टात हात घालता येईना. विचारलं तर म्हणे, रात्री कुशीवर झोपलो होतो. उतारावर गाडी थांबलीच नाही आणि भिंतीवर आदळली, हे मला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कळलं.

त्या म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबलंस. मावेना, तर बॉनेट कापलंस. फिटर माझ्यासमोर तुला म्हणाला होता, "साहेब, आधी ब्रेक मोठे बसवू." त्यावर तुझं उत्तर काय? "आधी पळू तर दे, थांबवायचं मग बघू." अरे शहाण्या, तुझं सगळं आयुष्य असंच चाललंय. दरवेळी तुला थांबवायला कुणीतरी आडवं यावं लागतं. या वेळी बाबांचा खांदा आला.

वर तेच तुला पाठीशी घालतात. "मीच त्याला जोरात घे म्हणालो," म्हणे! टॅक्सीत बसल्या बसल्या "सावकाश हं" म्हणणारा माणूस हा!

गाडीची किल्ली मी नेली आहे. दुसरी शोधत बसू नकोस, तीही नेली आहे. तोंड धू आणि तडक दवाखान्यात ये. बसने ये. तिला ब्रेक असतात.

ताई