डोरीनबाईंचा कुत्रा, दुसऱ्यांदा

३ जुलै
बाजारात स्पडचं चित्र विकलं गेलं! मी खायला काहीतरी आणायला गेलो, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन गेलं. बायकोनं, ग्लेनिसनं, नोटा हातात ठेवल्या. कोण होतं विचारलं, तर म्हणाली, असंच कुणीतरी.

स्पड म्हणजे शेजारच्या डोरीनबाईंचा कुत्रा. गेल्या महिन्यात गेला बिचारा. चित्र त्यांना द्यायचं कबूल केलं होतं खरं. पण त्यात काय! काचेवर शाई फासायची, पुसत पुसत कुत्रा काढायचा, कागद ठेवून प्रेसमधून फिरवायचा. चहा निवायच्या आत दुसरा स्पड.

५ जुलै
स्पडचा उजवा कान फाटका होता. कागदावर डावा फाटला. छाप उलटा पडतो हे मला माहीत आहेच, थंडीमुळे विसरायला झालं.

डोरीनबाईंनी कुंपणावरून हात केला. झाला तगादा सुरू. माझ्या कामाच्या शेडमध्ये खिडकीखाली लपून बसलो.

९ जुलै
कान बरोबर आला. तोंड बकरीचं.

टास्मानियाचा हिवाळा कलेच्या मुळावर उठलाय. शाई गोठते, हीटरपाशी नेली तर ओघळते. मोनोटाइपचा छाप एकच, पुन्हा तसा होणे नाही, हीच त्याची शान, असं मी क्लबात सगळ्यांना सांगत फिरतो. यापुढे जरा कमी सांगावं.

१२ जुलै
डोरीनबाई गेटपाशी गुलाब छाटतायत. सकाळपासून. इतके गुलाब आहेत तरी कुठे? बाहेर पडायची सोय नाही. ग्लेनिस जेवण शेडच्या खिडकीतून देते. म्हटलं, जीव घुसमटतो गं इथे. म्हणाली, चालू दे तुझं, मुळीच घाई करू नकोस. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

१७ जुलै
आज कागदावर वॉम्बॅट आला, इथलं ते बुटकं, गोलमटोल जनावर.

स्पड माझ्याही बुटांवर झोपायचा. चेहरा डोळ्यांसमोर आहे, हातात येत नाही. रडू आलं. शाईचा वासच उग्र आहे.

२० जुलै
ग्लेनिसला सर्दी. म्हणाली, भोपळ्याचं सूप डोरीनबाईंना देऊन ये. सबबी संपल्या. बकरी कागदात गुंडाळून बरोबर घेतली. अंधुक उजेडात खपून जाईल.

त्यांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या भिंतीवर स्पड. माझा, पहिला. फाटका कान जिथल्या तिथे.

डोरीनबाई म्हणाल्या, ग्लेनिसनं बाजारातूनच आणून दिलं की. नोटा तिच्याच पर्समधल्या. थँक्यू म्हणायला मी रोज हात करत होते, तू आपला खाली वाकायचास, पाठ धरलीये का?

मग मला का नाही सांगितलं तिनं, असं विचारलं. डोरीनबाई सूप ढवळत म्हणाल्या,

"तू शेडमध्ये असलास की घरात जरा शांत वाटतं, म्हणाली."

बकरी त्यांना आवडली. ठेवून घेतली.

घरी आलो. ग्लेनिसनं विचारलं, झालं का रे चित्र? म्हटलं, नाही, अजून बरेच दिवस लागतील. तिचा चेहरा खुलला.

शेडमध्ये आता मोठा हीटर बसवून घ्यायला हवा.