बाईंनी हात जोडले तो एपिसोड

बाई, तुमच्या निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत टीव्ही होता, पण त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर आमच्या निबंधाच्या वह्या असायच्या. त्यामुळे मी गेली कित्येक वर्षं पोटासाठी काय करतो ते तुम्हाला मुळापासून सांगावं लागेल. मी मराठी मालिका लिहितो. लेखक म्हणतात मला, हसू नका. सकाळी चॅनलमधून एका मुलीचा फोन येतो. तिच्या हुद्द्याचं नाव क्रिएटिव्ह आहे आणि तिने जन्मात स्वतःची एक ओळ लिहिलेली नाही. ती म्हणते, "सर, सासू चार दिवस सुट्टीवर चाललीय, तिला कुठेतरी पाठवा ना." मी सासूला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला पाठवतो. दुपारी कळतं की सुट्टी रद्द झाली, मग सासू रिक्षातूनच परत येते. नटमंडळी मेकअप करता करता मोबाइलवर सीन वाचतात आणि शब्द जड वाटला की बदलायला लावतात. 'कृतघ्न' जड आहे. परवा 'उपकार'सुद्धा जड झाला.

भिवंडी सोडायची म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता आमचा सेट कुठे लागलाय विचारा. भिवंडीलाच, वडप्याच्या गोदामात! एका बाजूला वॉशिंग मशीनची खोकी, दुसऱ्या बाजूला प्लायवूडचा बंगला, त्यात थर्माकोलचं तुळशीवृंदावन. बाहेर ट्रक मागे घेताना वाजला की आतलं रडणं थांबवायचं, ट्रक लागला की पुन्हा रडायला सुरुवात. आणि हे रडणं घराघरांत लोक जेवता जेवता बघतात, घास हातात धरून डोळे पुसतात. मला त्यांची कीव येत नाही. त्यांना जे आवडतं तेच मी वाढतो आणि त्यांच्यासकट स्वतःलाही हसतो.

मध्यंतरी नायिकेची जुनी शिक्षिका मालिकेत आणायची ठरली. नवीन माणूस घडवायचा आळस होता, म्हणून मी तुम्हाला उचललं. तुमचं खडूला कागद गुंडाळून धरणं, चष्म्यावरून बघणं, आणि कुणी रडायला लागलं की "आधी नाक पूस, मग बोल" म्हणणं. महिन्याभरात ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. पोरं त्याच्यावर रील बनवतात. जिवंतपणी तुम्हाला आमची गल्ली ओळखत होती, आता सबंध महाराष्ट्र ओळखतो, आणि तेही माझ्या कृपेने. बघा, 'कृपा' अजून चालतो.

पण मला आठवतो तो नववीचा वर्ग. स्नेहसंमेलनासाठी मी नाटुकलं लिहिलंय. लूमवरच्या कामगाराचा हात पट्ट्यात जातो आणि तो मरता मरता दीड पान बोलतो. तुम्ही ती वही घेऊन उभ्या आहात आणि कण्हत, आवाज कापरा करून माझे संवाद वाचताय. वर्ग बाकं बडवून हसतोय. तेवढ्यात दारात माझे बाबा येतात. लूमवर रात्रपाळी करून न झोपता आलेत, केसांत रुई, हातात शिष्यवृत्तीचा अर्ज. तुम्ही त्यांना बघता, हाताने 'थांबा' करता आणि उरलेलं अर्धं पान वाचून पुरं करता. मग मला म्हणता, "तुझे वडील तर धडधाकट दारात उभे आहेत. मग तू कुणाला रडवतोयस?" साठ डोकी एकदम दाराकडे वळली आणि साठ जण हसले. काय चाललंय ते न कळून बाबाही हसले. तुम्ही अर्जावर सही केलीत आणि पुढचा धडा काढलात.

घरी जाताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला मारलंस व्हय रं? पन पट्ट्यात नुसता हात जात न्हाय, आखा मानूस वढला जातो. आनि येवडं बोलाया टाइम कुटं हाय त्याला? लिवायचं तर नीट लिव." म्हणजे त्यांचंही म्हणणं तेच होतं. फरक एवढाच, की ते म्हणताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तुमचं बरोबर होतं, बाई. बरोबर असणाऱ्या माणसाला दारातला बाप दिसत नाही, याचा मला अजून संताप येतो.

तर मालिकेत रेटिंग पडलं आणि चॅनलने सांगितलं, शिक्षिकेला विद्यार्थिनीच्या बापाची माफी मागायला लावा. मी अर्ध्या तासात सीन लिहून दिला. भरल्या हॉलमध्ये बाई हात जोडतात, "तुमच्या लेकरासमोर मी तुमचा अपमान केला, मला क्षमा करा." तुमची भूमिका करणारी नटी तशी मठ्ठच, पण ती कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, ही बाई असं बोलणार नाही हो. ती मरेल, पण हात नाही जोडणार." मी म्हटलं, "वरून आलंय. तुम्ही फक्त बोला." ती बोलली. तुम्ही हात जोडलेत, लोक ढसाढसा रडले आणि रेटिंग वर गेलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही लाल पेन घेऊन बसल्या असतात आणि एका वाक्याखाली रेघ मारून विचारलं असतंत, हे खरं आहे का?

नाही, बाई. चॅनलने तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांना तुमच्यासाठी साधा अपघात हवा होता. माफी मला हवी होती. आणि पहिला टेक उत्तम झाला असताना दिग्दर्शकाच्या मागे लागून मी आणखी तीन घ्यायला लावले.