गेला चेंडू पऱ्हाटीत

बोरी अरब, रविवार, रात्र

खेळाच्या वाहिनीचा माणूस आज आला होता. आमच्याकडे त्यांचे सामने हल्ली कोणी का पाहत नाही, विचारत होता. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी मलाच पुढे केलं. मी भारनियमन, केबलचं भाडं, खेड्यातल्या प्रेक्षकाची उपेक्षा, सगळं समजावलं. तो नुसती मान हलवत राहिला. मग त्याने माझ्या चुलतबहिणीला विचारलं. दहावी नापास सुनंदाला!

"लाइन गेली का मी रेडिओ आयकून वट्यावरून साऱ्यायले सांगतो, भाऊ. गेला चेंडू पऱ्हाटीत!"

तो खदखदून हसला. तिचा आवाज टेप करून घेतला. माझा का नाही? मी काय चुकीचं बोलले?

पऱ्हाटीत म्हणे! मैदानावर कपाशी पेरतात का?

संध्याकाळी ऐन सामन्यात लाइन गेली. मी तिच्या ओट्यावर गेले, फक्त स्कोअर विचारायला.

"या मॅडम, बसा. कायले लाजता?" सुनंदा म्हणाली. ओट्यावर जमलेले सगळे हसले. मी बसले.

थोड्या वेळाने लाइन आली. समोर आमच्या घरात टीव्ही सुरू झाला. आईने हाक मारली. ओट्यावरून कोणीच उठलं नाही.

मीसुद्धा नाही.