बाळंतिणींच्या न्हाणीघराची भिंत

आप्पा, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी भाजी निवडताना, पाणी भरताना मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. समोर असताना जे बोलता आलं नाही ते आज लिहून टाकते. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते.

नवऱ्याचं घर सोडून मी नेवाशाला परत आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत, दुसऱ्या दिवशी सरळ कामावर घेऊन गेलात. ते मी विसरले नाही. तुम्ही गवंडी, मी तुमच्या हाताखाली बिगारी. तीन वर्षं माल कालवला, घमेली उचलली आणि तुमचे हात बघत राहिले. थापीला मात्र हात लावायचा नाही. एकदा तुम्ही भाकरी खायला बसलात तेवढ्यात मी गिलाव्याचा एक कोपरा सारखा केला, तर तुम्ही तो सगळ्यांदेखत खरडून काढलात. "बाईच्या हाती थापी दिली तर उद्या मला कोन काम दील?" म्हणालात.

मग डॉक्टरीणबाईंचं काम आलं. चार खाटांचा बाळंतपणाचा दवाखाना आणि मागे बाळंतिणींचं न्हाणीघर. भिंतींना ओल, कोपऱ्यात शेवाळ, शहाबादी फरशीच्या सांध्यांत काळं पाणी साचलेलं. बाईंना तिथं खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स हव्या होत्या. खोकी नगरहून एसटीच्या टपावरून आली. जुन्या गिलाव्याला टाचे मारायचे, म्हणजे छिन्नीनं नुसत्या खाचा पाडायच्या, आणि त्यावरच टाइल्स बसवायच्या, असं तुम्ही ठरवलंत. मी हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघत होते.

"आप्पा, ही पोकळ वाजतीया. गिलाव्यानं इटंला धरलेलंच न्हाई."

"तीस वर्सं थापी धरतोय मी. तू मला भिंत शिकिवती व्हय?"

"टाइल सुटून बाळंतिनीच्या डोक्यात पडली म्हंजी?"

"न्हाई पडत. घमेलं उचल."

शुक्रवारी तुम्ही शेळी विकायला घोडेगावच्या बाजाराला निघालात. "टाचे मारून ठिव," म्हणालात. मी "व्हय" म्हणाले. तुम्ही वळणाआड होईपर्यंत थांबले.

मग मी छिन्नी लावते. पहिल्याच घावाला परातीएवढा पापुद्रा खाली येतो. आतली वीट ओलीचिंब, लोणा लागून पांढरी पडलेली, बोटानं दाबली तर भुगा होतो. भिंतीतल्या नळाच्या सांध्यातून थेंब गळतोय, किती वर्षांपासून कोण जाणे. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई धावत येतात.

"अगं, हे काय चाललंय? वडिलांनी सांगितलं का तुला?"

"न्हाई. माझी मीच पाडतीया. हात लावून बघा."

त्यांनी विटेला हात लावला. मग तो पदराला पुसत म्हणाल्या, "पाड." संध्याकाळपर्यंत मी चारी भिंती विटेपर्यंत उघड्या केल्या आणि फरशीही उखडली.

तुम्ही दारात आलात आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबलात. "भिंत न्हाई, माझी अब्रू पाडलीस," म्हणालात. "आता बांध तुझी तूच. मी हितं पाय ठेवनार न्हाई." तुम्हाला वाटलं असेल, पोरगी रडत पाया पडेल. घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही चुलीकडं तोंड करून बसला होता. मी तुमच्या पिशवीतून ओळंबा आणि थापी काढून घेतली, तुमच्यादेखत. तुम्ही बघितलंत. अडवलं नाहीत.

नळवाल्याकडून सांधा बदलून घेतला. कुजक्या विटा काढून नव्या बसवल्या, बाकीच्या तारेच्या ब्रशनं घासल्या, आणि भिंती पुरत्या सुकेपर्यंत हात लावला नाही. मग ओळंब्यात गिलावा केला, टाइल धरावी म्हणून ओला असतानाच त्यावर रेघा ओढल्या. त्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरीत गाळच उरलेला. सिमेंटला पाणी कुठून पाजायचं? गोणपाटं भिजवून भिंतींना टांगली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्यानं शिंपडत राहिले. जमिनीचा उतार पहिल्या वेळी चुकला. पाणी ओतलं तर ते मोरी सोडून दाराकडं धावलं. सगळं उखडून पुन्हा केलं. एक जण डोकावून म्हणाला, "काय बाई, चूल सारवतीस काय?" मी म्हटलं, "व्हय. तुमची बायकू हितंच न्हायला येईल, तिचा पाय घसराय नको."

तुम्ही आलात, टाइल्स लावायच्या आदल्या दिवशी. चारी भिंती ठोकून बघितल्या, ओंजळभर पाणी जमिनीवर सोडलंत, ते मोरीत जाईपर्यंत उभे राहिलात आणि निघून गेलात. चांगलं नाही म्हणालात, वाईटही नाही. टाइल्स मीच लावल्या. पुढच्या कामाला तुम्ही दुसरी बिगारीण धरलीत. बरंच झालं. बाईंनी चार घरी माझं नाव सांगितलं, त्यातून कामं निघत गेली. शिर्डीतल्या लॉजांची न्हाणीघरंसुद्धा मी केली. लोक मला टोमणा म्हणून 'गवंडीण' म्हणायचे. मी त्या हाकेला ओ देत गेले, आणि पुढं तेच नाव झालं. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला तोवर तिथली एक टाइल सुटली नव्हती.

मी बरोबर होते, आप्पा. तुम्ही ते शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाहीत आणि मी मागायलाही आले नाही. आजही मागत नाही. हे पत्र पोचवायची सोय असती तरी मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुमच्या कानावर जायला नको. खिडकीकडची भिंत घट्ट होती. मी आधी ठोकून बघितली होती, ओल नव्हती, पोकळ नव्हती. तुम्ही स्वतः केला असता तसा तिचा गिलावा पक्का होता. ती भिंत मी नुसत्या रागानं पाडली, आणि ती पाडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.