न कापलेली सोळा पानं

ॲडलेड, १४ मार्च १८९९

प्रिय हेस्टर,

तीन नाताळांना तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते. तसं लिहिलंही, मग तो कागद फाडला.

तू आणि तुझी शाळा ठीक असाल. पोर्ट लिंकनला वारा तरी असेल, इथे उन्हाळा संपता संपत नाही. मिसेस पेंडर गेल्या महिन्यात वारल्या. दफनानंतर त्यांच्या कॉर्नवॉलकडच्या बहिणींनी केशराचा केक वाटला. त्यांच्या माडीवर राहून शिकलेल्यांपैकी मी एकटीच तिथे होते.

आठवतं का? लंडनहून आलेल्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असायची आणि आपल्याकडे कागद कापायची सुरी नव्हती.

"पुन्हा माझी लोण्याची सुरी कवितेला लावलीत! पावावर कागदाचा भुसा आलाय."

"भुसा नाही मिसेस पेंडर, साहित्य आहे ते," तू म्हणायचीस.

"मग साहित्यच खा बायांनो. पाव माझ्या नवऱ्याला ठेवा."

तू पानं कापायचीस, मी मोठ्याने वाचायचे. शेवटचं पान कापल्याशिवाय पुस्तकावर मत द्यायचं नाही, हा नियम तुझा. एकदा मी मधेच नाक मुरडलं, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. त्या माडीवर होते तितकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, याचंही आज आश्चर्य वाटतं.

बातमी अशी, की आमच्या वर्तमानपत्राच्या शनिवारच्या अंकात पुस्तकांवर लिहिणाऱ्या 'सी. होल्ट' यांच्या निवडक लेखांचं पुस्तक निघतंय. हे नाव तू विसरली नसशील.

ते होल्ट मीच, हेस्टर.

बाईने केलेली टीका कुणी वाचणार नाही, म्हणून संपादक मिस्टर ऑलनट यांनी ते नाव दिलं होतं. आता म्हणतात, काळ बदलला, पुस्तकावर तुमचं खरं नाव घालू. म्हणून प्रत्येक लेख मूळ पुस्तक शेजारी ठेवून तपासायला बसले. गेल्या मंगळवारी तुझी अकरा वर्षांपूर्वीची कादंबरी काढली, परीक्षणासाठी कचेरीतून मिळालेली तीच प्रत. तिची शेवटची सोळा पानं अजून जोडलेली होती.

तशी ती असणार, हे मला माहीत होतं.

'लेखिकेने नायिकेला चर्चच्या दारात सोडून आपली जबाबदारी झटकली आहे,' असं मी लिहिलं होतं. अंदाजाने. त्या दिवशीच्या रोजनिशीत 'घाई होती' अशी नोंद आहे. काल ती खोडली. घाई नव्हती. पुस्तक चांगलं होत चाललं होतं आणि ते तुझं होतं. मला पुढे वाचवेना.

तू मला विचारलं होतंस, "हा होल्ट कोण गं? त्याने शेवट वाचलेलाच नाही! तुझी त्या कचेरीत ओळख आहे ना?" मी उत्तर दिलं, असल्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. पण तू घेतलंस. "होल्टसाहेबांचंच खरं असेल, मला शेवट जमत नसेल," असं लिहून अर्धी झालेली दुसरी कादंबरी ठेवून दिलीस. तेव्हाही मी बोलले नाही.

काल मिस्टर ऑलनटना सगळं सांगितलं. ते हसले.

"एवढंच? तो लेख गाळा की, होल्टसाहेब. अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही."

"जिच्या आलं, तिने मलाच विचारलं होतं."

"हे जाहीर केलंत तर तुमचं पुस्तक मी छापणार नाही. होल्ट बाई आहे हे लोक एक वेळ गिळतील. होल्ट न वाचता लिहितो, हे नाही."

मी 'बरं' म्हणून घरी आले. ते 'बरं' तुझ्यापासूनही लपवायचं ठरवलं होतं.

मग ती पानं कापून वाचली. लग्नाला निघालेली तुझी नायिका ॲग्नेस वाटेत शाळेपाशी गाडी थांबवते, उतरते आणि मुलांसाठी घंटा वाजवते. चर्चच्या दारापर्यंत ती जातच नाही. संपल्यावर मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

आज नवं परीक्षण लिहून झालं. पहिलं कसं लिहिलं गेलं, तेही त्यात आहे. निव्वळ कौतुक नाही. मधली तीन प्रकरणं मला अजूनही लांबलेली वाटतात. माझं पुस्तक आता बहुधा निघणार नाही. त्याचं दुःख होतंय, होत नाही असं म्हणणार नाही. क्षमा मागत नाही, ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. फक्त तुला शेवट जमत होता, हे अकरा वर्षं उशिरा का होईना, तुला कळावं.

तुझी, आणि 'सी. होल्ट'ही,
थिओडोरा

ता. क. उद्याचं काम: नवं परीक्षण मिस्टर ऑलनटच्या हातात देणे, खाली माझं पूर्ण नाव घालून.