पंख्याला तेल घालू नका

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि चष्मा शोधत बाबाही शेजारी येऊन बसले असतील तर त्यांनाही.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, बहुतेक. कपाटातले कपडे पलंगावर आलेत आणि कपाटात मी, गिटार आणि माइक. आत गोधड्या टांगल्यात, त्यामुळे आवाज बाहेर जात नसेल असं मला वाटायचं. परवा शेजारच्या नर्सबाईंनी दार वाजवलं. म्हटलं, आता बोलणी बसणार. तर त्या म्हणाल्या, "अहो, ते तरंगल्यासारखं गाणं पुरं कधी होणार? ड्यूटीवरून आले की त्यावरच मला झोप लागते."

आई, ते गाणं तुझंच आहे. कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणलेलं तू फोनवर पाठवलं होतंस ना, ते मी अगदी संथ केलं आणि त्यावर गिटारचं रेकॉर्डिंग उलटं लावलं. मागे आपल्या पंख्याची कुरकुर आहे, तोच ठेका. बाबा याला भुताटकी म्हणतील. म्हणू देत.

पण संथ केल्यावर बाबांचा खोकलाही ऐकू आला. तू तर म्हणाली होतीस, बरा झालाय. गाण्यातून मी तो काढला, पण कानातून जात नाही. डॉक्टरांना दाखवलंत का? खरं सांग.

पुढचं गाणं तुमच्याच खोलीत रेकॉर्ड करायला येतेय. तोवर पंख्याला कुणी तेल घालायचं नाही. कुरकुर फक्त त्याची हवी, बाबांच्या छातीची नको.

तुझी,
कपाटातली लेक