आवाज थांबला की पळ

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! ही वही ताईने हातात ठेवली. म्हणाली, तुझी बडबड हिच्यात ओत, माझं डोकं खाऊ नकोस. बघा, सख्खी बहीण! आई गेल्यावर हिनेच मला लहानाचं मोठं केलं, म्हणून ऐकून घेतो.

हे सॅटेलाइट स्टेशन पार डोंगराच्या माथ्यावर आहे. मधोमध सिमेंटचं अंगण आणि त्यात ती अवाढव्य डिश. एका बाजूला कंट्रोल रूम, समोर ताई-दाजींचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पलीकडे फाटक. क्वार्टरच्या मागे सरळ कडा, खाली पाहिलं तर तळच दिसत नाही. कुठूनही कुठेही जायचं तर डिशखालूनच जावं लागतं. ताईने कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा डिशच्या पायालाच बांधली आहे. दाजी इथले ऑपरेटर, त्यांच्याच वशिल्याने मी मेकॅनिक म्हणून चिकटलो. पहारेकऱ्याला सगळे लंबू म्हणतात आणि तो जेमतेम माझ्या खांद्याला लागतो. कुत्र्याचं नाव साहेब, कारण दिवसभर झोपतो आणि उठला की सगळ्यांवर भुंकतो.

पलंग टणक आहे, पण हवा झकास. उद्यापासून काम.

५ मार्च, बुधवार

आज तो आवाज ऐकला. डिश वर-खाली करायला तिच्या पाठीमागे एक जॅक आहे. मोटर फिरली की माझ्या मांडीएवढा लोखंडी स्क्रू नळीतून बाहेर सरकतो किंवा आत जातो. तो असा किंचाळतो की दातांतून कळ जावी. कुणी माणूसच बोंबलतोय म्हणाना! दुपारी आम्ही अंगणात होतो, आवाज सुरू झाला, आणि दाजी, लंबू, ताई हातातलं टाकून घरात पळाले. मला ताईने कॉलर धरून ओढलं. साहेबही शेपूट घालून खाटेखाली.

मी विचारलं, हा काय पोरखेळ. दाजी म्हणाले की डिश अधूनमधून आपणहून फिरते, कुणी बटण न दाबता. खाली येते. आवाज आला की आत यायचं, थांबला की बाहेर पडायचं, एवढं पाळलं तर इथे कुणाला काही होत नाही. मी म्हटलं, काहीतरी बिघाड असेल, आणि त्या जॅकला जन्मात कुणी ग्रीस लावलेलं दिसत नाही. त्यावर दाजी इतके चिडले की मी गारच झालो. त्या जॅकला ग्रीस लावायचं नाही, बजावून ठेवतो, म्हणाले. लंबूने शहाण्यासारखी मान डोलावली. वा रे पंडित! मग मला काय माश्या मारायला आणलंय?

८ मार्च, शनिवार

दाजी सामान आणायला खाली शहरात गेलेत, दोन दिवसांनी येतील. माझे हात शिवशिवत होते. खरं सांगतो, घरातलं दार करकरलं तरी मला चैन पडत नाही, इथे तर लोखंड टाहो फोडतंय. सकाळी फ्यूज काढून खिशात टाकले आणि शिडी लावली. स्क्रूवरची रबरी पिशवी सोडवली. आतलं जुनं ग्रीस वाळून गोंदासारखं झालेलं. रॉकेलने धुतलं, चिंधीने पुसलं, मग ग्रीसगन लावली. बाप रे, काय पितो हा जॅक! अख्खा डबा संपला तरी वर थेंब येईना. लंबू खालून ओरडत होता की दाजींना सांगेन. म्हटलं सांग, बक्षीस देतील.

फ्यूज लावून डिश वर-खाली करून पाहिली. लोण्यासारखी फिरली! कुंपणावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. ताई म्हणाली, कानांना बरं वाटलं. पण हसली नाही. दाजींना घाबरते, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

साहेब गेला. भर दुपारी डिशच्या सावलीत झोपला होता. मी जवळच पाने-पकडी पुसत बसलो होतो. सावली सरकल्यासारखी वाटली म्हणून वर पाहिलं, तर डिशची कड पार खाली आलेली. ती त्याच्या कमरेवर टेकली आणि तशीच खाली जात राहिली. हाडं मोडलेली ऐकू आली, डिश नाही. मग ती वर गेली. अर्धा साहेब कडेला चिकटून वर गेला.

ती आपणहून फिरू नये म्हणून फ्यूज मी सकाळीच काढले होते. खिशात हात घातला. तिथेच होते.

तेवढ्यात दाजी आले. त्यांनी रक्त पाहिलं, जॅककडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या कानाखाली जाळ काढला. पडलो तर लाथा घातल्या. ताई मध्ये पडली म्हणून वाचलो. हात दाखवून अवलक्षण केलंस, म्हणाले. तो आवाज होता म्हणून आम्ही जिवंत होतो. ओठ फाटलाय. चूक माझीच.

११ मार्च, मंगळवार

लंबू गेला.

फाटकातून निसटून मदत आणतो म्हणाला. दाजींनी सांगितलं, डिशवरची नजर हलवू नकोस. त्याने हलवली नाही. पण वाटेत ताईची दोरी, दोरीवर चादर. चादरीआड गेला, तेवढाच वेळ डिश दिसली नसेल. कड चादरीसकट त्याच्यातून गेली. डोकं घरंगळत फाटकापर्यंत पोचलं. बाकीचा लंबू अजून चादरीत आहे.

फोन केला. हेड ऑफिसवाले म्हणतात गाडी शुक्रवारी, तोवर कशाला हात लावू नका. उंटावरून शेळ्या हाकतायत मेले!

१२ मार्च, बुधवार

दाजी गॅस कटर घेऊन गेले. जॅकच कापतो म्हणाले. मी येतो म्हटलं तर ढकललं मला, ताईपाशी थांब म्हणाले. आम्ही खिडकीत. स्क्रू सरकायला लागलेला दिसला. ताई ओरडली, मी ओरडलो — कटरच्या फुसफुसण्यात त्यांना हाक गेलीच नाही. शर्ट ओढला गेला. मग हात. मग छाती. पाय बराच वेळ झाडत होते.

ताईने माझा हात चावला. कवळून धरलं तिला. सोड, त्यांना घेऊन येते, एवढंच म्हणत होती.

संध्याकाळी डिश क्वार्टरवर आपटली. बाहेरची खोली खचली.

१३ मार्च, गुरुवार

शुक्रवारपर्यंत हे छप्पर टिकत नाही. दुसरा धक्का, आणि ओट्याखाली ताई —

ठरलं. मी जातो. जॅकचं ग्रीस धुतो, वाळू भरतो, त्याचा आवाज त्याला परत देतो. ताईला सांगितलं, आवाज येतोय तोवर ओट्याखालून हलू नकोस. आवाज थांबला की पळ, थेट फाटक. मागे बघू नकोस. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ती एकटीच राहिलीय माझी. तिला काही झालं तर —

वही तिनेच खिशात कोंबली. भीती वाटली तर हिच्याशी बडबड, म्हणाली.

जॅकपाशी. पिशवी उघडली. ग्रीस नाहीच. डबाभर भरलं होतं, बोटभरही नाही. स्क्रूच्या आट्यांत केस. दाजींचं बटण.

रॉकेल ओतलं. वाळू टाकली. फिरला — वाळूचं पीठ केलं. आवाज नाही.

अजून वाळू. अजून. ओरड ना, मेल्या —

हात —

डाव्या हाताने लिहितोय. उजवा आत गेलाय. मनगट. सावकाश घेतोय. मी बोंबललो. ताईने दार किलकिलं केलं होतं. माझी बोंब ऐकून लावून घेतलं. तिला वाटलं जॅक. बरं झालं.

डिशची कड तिच्या दारासमोर येऊन थांबलीय. वीतभर वर. हलत नाही. वाट बघतेय.

कोपर गेलं. ओरडतोय. नको येऊस म्हणायचंय, शब्द होत नाहीत, नुसती किंकाळी — घसा फाटला —

खांदा. दम पुरत नाही. गप्प झालो तर ती बाहेर — ताई, चुकलो गं — मीच सांगितलंय तुला, आवाज थांबला की